डावा कान

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघांनी बारा महिने ऊन असणाऱ्या बेटांच्या देशात जाऊन स्कूबा डायव्हिंग करायचं ठरवलं. पासपोर्ट झाले, तिकिटं झाली, पोहण्याचे कपडे घालून आरशासमोर हसूनही झालं. मग डायव्हिंगवाल्यांचा फॉर्म आला. कानाचा त्रास असेल तर डॉक्टरांची सही हवी.

"अहो, तुमच्या डाव्या कानाचं काय?" बायको काळजीने म्हणाली. अकरा वर्षांपूर्वी एका सर्दीत नवरोबांचा डावा कान गेला होता. तेव्हापासून "माळा आवरा", "नळ दुरुस्त करा" असलं काहीच त्या बाजूने आत शिरत नव्हतं.

"राहू दे गं, 'त्रास नाही' म्हणून लिहून टाक."

पण ती कसली ऐकते! ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी दोन्ही कानांत डोकावून पाहिलं. मग उजवा कान बोटाने दाबून धरला आणि डाव्या बाजूला वाकून हळूच म्हणाले, "तुमच्या खांद्यावर झुरळ आहे."

नवरोबा ताडकन उठून खांदा झटकू लागले.

"कान ठणठणीत आहे," डॉक्टरांनी हसत सही ठोकली. "खुशाल मारा बुड्या!"

आता आपली धडगत नाही, हे ओळखून नवरोबा मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसले. पण बायकोचाच चेहरा पांढराफटक पडला होता.

 

अकरा वर्षं सासूबाईंबद्दल जे काही बोलायचं, ते ती मुद्दाम नवरोबांच्या डाव्या बाजूला बसून बोलत आली होती.