आणखी एक पिझ्झा

पुसदच्या नव्या हॉटेलात आम्ही लाकडाच्या भट्टीतला दुसरा पिझ्झा मागवला, तसे शेजारच्या टेबलावरचे, आमचा कापूस घेणारे जिनिंगवाले शेठ फिस्सकन हसले.

"काय संघदीपभाऊ, कापसाले भाव नाही म्हणून बोंबलता, अन् पिझ्झ्यावर पिझ्झे हाणून राह्यले?"

"तुमचीच किरपा, शेठ. भाव वाढू द्या, मंग आणजा, असं तुम्हीच म्हणाले. सारा कापूस घरात छतापर्यंत भरून ठेवला. बसाले जागा नाही."

"म्हणून इथं बसता! ऐश हाय तुमची." शेठची नजर आमच्या ताटांकडे गेली. "अन् पहिलाच तं तसाच पडला हाय. खाता काहून नाही?"

"हळू बोला," मी म्हणाले.

यशू माझ्या मांडीवर झोपली होती. घरात कापूस भरल्यापासून पोरीच्या अंगभर खाज सुटली होती, रात्ररात्र रडायची. इथल्या एसीच्या गारव्यात आज कुठं तिचा डोळा लागला होता.

तेवढ्यात वेटर आला. "टेबल खाली करता का? लोकं थांबून राह्यले."

ह्यांनी यशूकडे पाहिलं.

"आणखी एक आण. अन् घाई नको करू, भाऊ. शेठचा भाव वाढेपर्यंत आम्ही इथंच बसतो."