प्रयोगशाळेतली ओली जागा

बेडूक मेला. मात्र असं काही झालंच नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असल्यामुळे आपणही तो जिवंत आहे असंच धरून चालू.

घाटनांदूरकडच्या एका गावात जुलै संपत आला तरी थेंब नव्हता. म्हणून गावानं धोंडी काढली. म्हणजे बेडूक मुसळाला बांधून दारोदार फिरवला आणि बायांनी टँकरचं साठवलेलं पाणी त्याच्या अंगावर ओतून पाऊस मागितला. फिरवून झालं की बेडूक ओल्या जागी सोडायचा, अशी रीत. गावात ओली जागाच उरली नव्हती. शेवटी कुणाला तरी आठवलं की सहकारी कारखान्याच्या शाळेत, जीवशास्त्राच्या खोलीत, पाण्याची काचेची बरणी आहे. कारखाना उसाअभावी बंद होता, शाळा चालू होती. बायांनी बेडकाला हळदकुंकू लावून तिथं नेऊन ठेवलं आणि विज्ञान शिकवणाऱ्या बंकट सरांना सांगितलं, पाऊस पडेस्तोवर ह्याला संभाळा.

सरांनी आनंदानं हो म्हटलं. अकरावी-बारावीची विज्ञानाची तुकडी मंजूर करायला दुसऱ्याच दिवशी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. त्यांना बेडकाचं विच्छेदन दाखवायचं होतं, आणि सर कधीपासून कोरड्या विहिरींत उतरून बेडूक शोधत होते.

चिरायचं काम सत्यभामाकडं आलं, कारण वर्गात तिचाच हात स्थिर. बेडूक तिनं लगेच ओळखला. हळद लागलेला दुसरा बेडूक तालुक्यात नव्हता. तिच्या चुलतीनं, छबुबाईनं, पीठ मळायला ठेवलेलं पाणी त्याच्यावर ओतलं होतं आणि घरादारानं फुटाणे खाऊन भागवलं होतं. झुरळ चालणार नाही का, असं तिनं सरांना विचारून पाहिलं. सर म्हणाले, झुरळंसुद्धा पोट भरायला पुण्याला गेली. मग त्यांनी आवाज खाली आणला.

“हे बघ पोरी, तुकडी मंजूर न्हाई झाली तर दसऱ्यानंतर तू हायेसच आईबापाबरोबर ऊस तोडायला. आज कात्री धर, न्हाईतर तवा कोयता धर.”

सत्यभामानं कात्री धरली. क्लोरोफॉर्म झालं, टाचण्या झाल्या, पोट उघडलं. आत काळीज उडत होतं. साहेबांनी वाकून बघितलं, काम सुबक आहे म्हणाले आणि तुकडी मंजूर धरा, असं तोंडीच सांगून टाकलं.

तेवढ्यात छबुबाई तांब्या घेऊन दारात आली. बेडकाला आजचं पाणी घालायला.

मग बंकट सर समजावू लागले की तो बेशुद्ध आहे, त्याला काही कळत नाही, आणि चाललंय ते सगळं ज्ञानासाठीच.

“कळत न्हाई?” छबुबाई म्हणाली. “मग मास्तर, आमी गावानं पावसाचं सांगितलं कुणाला?”

सरांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी पंख्याकडं बघितलं. वीज नव्हती.

छबुबाई टेबलापाशी गेली. काळीज चालू हाय, एवढंच पुटपुटली. गोधड्या शिवणारी बाई ती. सुई कायम चोळीला टोचलेली. तिनं दोरा ओवला आणि सुई पुतणीपुढं धरली.

“तू फाडलंस. तूच शिव.”

सत्यभामा शिवायला लागली. गोधडीच्या कडा धरतात तशा छबुबाईनं दोन बोटांनी कडा जुळवून धरल्या होत्या. टाका लांब पडला की ती जीभ वाजवायची. हे थांबवावं की याला शेरा द्यावा, हे साहेबांना कळेना. अशा प्रसंगाचं परिपत्रक निघालेलं नव्हतं. चिरायला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ शिवायला लागला. शेवटी छबुबाईनं दोरा दातानं तोडला, बेडूक बरणीत ठेवला, वर तांब्यातलं पाणी ओतलं. बाहेर बाया जमल्या होत्या. तो आराम करतोय, असं तिनं त्यांना सांगितलं आणि सत्यभामाकडं न बघता घरची वाट धरली.

निघताना साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, विद्यार्थ्यांची काही मागणी असेल तर लेखी द्या. सरांना वाटलं, मुलगी वसतिगृह मागेल, निदान वीज तरी. सत्यभामानं उभ्याउभ्याच लिहिलं. अक्षर सुबक होतं:

“महोदय, पुढील वर्षापासून बेडूक चिरण्याबरोबरच तो परत शिवण्याचेही प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात ठेवण्यात यावे, व त्यास तितकेच गुण देण्यात यावेत, ही नम्र विनंती.”