पुलावरचा बोका

"तुम्ही सांगताय का मी सांगू?" बायकोने पिशवी त्याच्या हातात कोंबली.

"थांब गं. आधी डोळे भरून बघू तर दे."

पाथरवट पुलाच्या मधोमध तोंड उघडं टाकून उभा होता. चाळीस वर्षांनी आला होता, पण गाव होतं तसंच. उताराची दगडी गल्ली, एकमेकांना खांदा लावून उभी असलेली घरं. त्यात पानगळ लागलेली. पिवळी पानं, तांबडी पानं, छपरांवर, नदीत, लोकांच्या टोप्यांवर. वारा सुटला की अख्खी टेकडी झडायची. त्याने कठड्याच्या एका सांध्यात नख घालून पाहिलं. नख शिरेना.

"काय माणसं होती!" तो म्हणाला.

"ती होतीच. तुम्ही काय दिवे लावलेत ते सांगा त्या किल्लीवाल्या बाईला आता."

पुढे कठड्यावर बोका बसला होता. दगडाचा, हातभर उंच, नदीकडे टक लावून. पुलाची राखण करणारी बाई कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून पाहुण्यांना सांगत होती, "सहाशे वर्षं झाली. पूल दोनदा ढासळला, पण हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. कोणी घडवला, देव जाणे. बोका आहे तोवर गाव आहे, असं आम्ही मानतो."

लोकांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीने बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. पाथरवटाने मान खाली घातली.

पाहुणे पांगले तसा तो पुढे झाला.

"बाई, जरा बोलायचं होतं."

"बोला ना, काका."

"हा बोका सहाशे वर्षांचा नाही. चाळीसचा आहे. मी घडवलाय."

बाई हसली. मग त्याचं तोंड बघून हसायची थांबली.

त्याने सगळं सांगून टाकलं. तेव्हा पुलाची डागडुजी चालली होती. तो वस्तादाच्या हाताखाली, नवंनवं लग्न झालेलं. बोका दोराने बांधून बाजूला घेताना गाठ सुटली. चार तुकडे. भोवती परांची, तिच्यावर गोणपाटं, कोणी पाहिलं नाही. वस्ताद आठ दिवस खाणीवर गेलेला. तेवढ्यात याने नवा घडवला आणि चुन्यात बसवला.

"आठ दिवसांत?" बाईला पटेना. "असा हुबेहूब?"

"हात बसलेला होता. वस्तादाकडे गेलो ते पहिलं वर्ष त्याने मला नुसते बोकेच घडवायला लावले. दुसरं काही नाही. का, म्हणून विचारायची सोय नव्हती. हातातली टाकी फेकून मारायचा."

"आणि परत आल्यावर त्याला कळलं नाही?"

"कुठलं! अर्धा तास बघत उभा राहिला. मी आपला घमेलं घासत बसलो. मग म्हणाला, 'शेपूट कडक झालीय,' आणि जेवायला गेला. मी मनात म्हटलं, सहाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची चूक काढतो, काय हा माणूस!"

बायको खुदकन हसली. बाई हसली नाही.

"काका, लांबलांबून लोक येतात याच्यासाठी. हे मी त्यांना सांगू? काय राहील मग आमचं?"

"म्हणून तर हे आणलंय."

त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला. बोक्याचे चार पंजे, खाली बैठक, बैठकीला जुना चुना थापलेला. बाकीचे तुकडे नदीत गेले. एवढं टाकवलं नव्हतं.

"खरे पंजे आहेत हे. गावाचे गावाला."

"या मेल्याने मला गेल्या वर्षी सांगितलं," बायको म्हणाली. "तोवर मी या दगडाने स्वयंपाकघराचं दार अडवत होते. लाथा मारून सरकवायचे हो मी!"

बाईने दगड दोन्ही हातांत घेतला, तान्हं पोर घ्यावं तसा. पंज्यांवरून अंगठा फिरवला. नखं आत ओढलेली, पण कातडीखाली जाणवत होती. तिचा आवाजच बदलला.

"जिवंत आहेत."

"बघा ना," पाथरवट म्हणाला. "माझा नुसता बसलाय. तो जुना आत्ता उठेल असा बसला होता. फुटायच्या आधी अख्खा दिवस मी त्याच्यासमोर उभा होतो, जेवलो नाही. असल्या हातापुढे आपण काय? वस्तादाला निदान सांगायला हवं होतं. चार शिव्या घातल्या असत्या, टाकी फेकली असती, मोकळा झालो असतो. तो गेला, ते राहूनच गेलं."

बाईने पंजे कठड्यावर ठेवून पाहिले.

"काचेच्या पेटीत ठेवते," ती म्हणाली. "लोकांना काय सांगायचं ते बघू मग. पण हा चुना काढायला हवा. बैठक डुगडुगतेय."

पाथरवटाने खिशातून टाकी काढून दिली. बोटभर उरलेली जुनी टाकी, वस्तादाची, मानेवर त्याची खूण कोरलेली. मरताना ती याला देऊन गेला होता.

"हलक्या हाताने हं."

बाईने दगड उलटा मांडीवर घेतला. चुना खपल्याखपल्यांनी सुटायला लागला. वाऱ्याने दोन पिवळी पानं तिच्या पदरात आणून टाकली, ती तिने झटकली, फुंकर मारली, आणि थांबली. दगडाचं बूड पाहिलं. हातातली टाकी पाहिली. परत बूड.

"काका, हे बघा बरं."

डावीकडे झुकलेल्या तीन रेघा आणि एक ठिपका. टाकीच्या मानेवर होत्या, तश्शाच.