सेन्सरची जागा

इंजिनाची ताकद वाढवणारा सुपरचार्जर बसवल्यापासून जावयाच्या बोटीचा एक्झॉस्ट भलताच तापायचा, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा. "जावईबापू, वेग आवरा," असं मेकॅनिक सासऱ्याने परोपरीने सांगून पाहिलं. जावयाची एकच भुणभुण, "मामा, बसवताना तुमचंच काहीतरी चुकलंय."

शेवटी वैतागून सासऱ्याने तापमान मोजणारा सेन्सर उपटला आणि एक्झॉस्टच्या पाइपात जिथे धूर निववायला थंड पाणी मिसळतं, तिथे नेऊन बसवला. इंजिन होतं तितकंच तापत राहिलं, काटा तेवढा हिरव्यात आला. जावई खूश झाला, सासऱ्यामागची कटकट मिटली.

रविवारी लेक-जावई बोटीतून लांब समुद्रात गेले. दुपारी जावयाचा फोन आला.



"मामा, मागून जळका वास येतोय म्हणून ही घाबरलीय. तुम्हीच समजवा हिला, काटा हिरव्यातच आहे."