एक्क्यांची जोडी

दिग्रसच्या एका जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्या तीन दिवसांपासून उभ्या होत्या. रांगेतल्या नंबरावरून हमरीतुमरीवर आलेले जमीर आणि उकंडा शेवटी तीन पत्तीला बसले. डावावर कापूसच लागला.

जमीरकडे एक्क्यांची जोडी आली. त्यानं एक क्विंटल लावला.

उकंडानं पत्ते तोंडासमोर धरले. "पाच!"

जमीरनंही आणखी चार घालून पाच केले.

"अख्खी गाडी! दम नसंन तं फेक पत्ते."

जमीरनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. उकंडाची पापणीसुद्धा हलली नाही. पाच क्विंटलांवर पाणी सोडून, शिव्या देत जमीरनं जोडी फेकली.

"तुह्यापाशी काय होतं, दाखव तं खरं!"

उकंडानं पत्ते त्याच्या अंगावर भिरकावले.



"तूच वाच, अन् मलेबी सांग. फवारणीचं औषध डोळ्यात गेलं तवापासून मले काहीच दिसत नाही."