गवताचा राक्षस

दरड कोसळून सगुण शिरगावजवळच्या खाणीत गाडला गेला, तेव्हा प्रेत मिळाले नाही. वर आले ते केवळ त्याचे पिवळे हेल्मेट. भटजींनी दर्भाचा पुतळा जाळून अंत्यविधी करण्यास सुचवले, तशी त्याची बायको गंगा उसळली, “गवताक घोव म्हणान कसो जाळू?” हेल्मेट खुंटीवर राहिले आणि कुंकू कपाळावर. आता भाचा साईश स्वतः बनवलेल्या मोबाइल गेमवरून त्याच ओसाड खाणीत भयपट करत होता. पैसे तुटपुंजे, म्हणून परग्रहावरचा, शेवटी जाळायचा राक्षस गवताचा बांधला. डोक्यावर मामाचे हेल्मेट. “मामी, पेटवच्याआधी हेल्मेट काढतंय हां.” चित्रीकरण पाहायला आलेली गंगा त्या आकृतीकडे पाहत राहिली. “राहूंदे. पलितो माका दी.” पाठ फिरवून तिने अग्नी दिला. “मामी, राक्षसाकडे बघ गो!” साईश ओरडला. न वळता ती परतली. विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊनच घरात शिरली.