उखळाच्या तक्रारी

“काकू, उखळात खोट काय होती ते सांगा,” पेटंटची कामं बघणारी वकील अंकिता म्हणाली. लॅपटॉप तिनं चटणीच्या डब्यांपासून जरा लांब सरकवला.

“खोट? ह्यांच्या हातच्या वस्तूत?” हेमावतीनं पदर सावरला. “पयल्या दिवसापासनं झक्कास चालतंय बगा.”

गुरुसिद्धप्पानं कपाळावर हात मारला. कुटून कुटून बायकोचे खांदे दुखतात म्हणून त्यानं आपल्या गॅरेजात शेंगाचटणीचं हे पायानं चालवायचं उखळ बनवलं होतं. त्याला पेटंट मिळावं, एवढी एकच हौस उरली होती. आणि रोज त्या उखळाचा उद्धार करणारी ही बाई परकं माणूस समोर येताच नवऱ्याची अब्रू राखायला बसली!

“झक्कास होतं तर पेटंट गेलं, काकू. अर्ज करायच्या आधीच तुम्ही हे भर बाजारात, चटणीच्या गाड्यावर चालवलंय. चाचणी म्हणून चालवलं असेल तर कायदा वर्षभर सांभाळून घेतो. नीट झालं, म्हणजे चाचणी संपली; त्यानंतर नुसतं वापरलं, तर ते सगळ्यांचं झालं.”

“अगं, मला रोज बोलतीस ते सांग की!” गुरुसिद्धप्पा काकुळतीला आला.

मग हेमावतीनं तोंड सोडलं. पायडल लई जड. मुसळ तिरकं पडतंय. दाणं गिऱ्हाइकाच्या अंगावर उडत्यात. आवाज तर असला, की शेजारचा चहावाला भांडायला आला. अंकिता भराभर टाइप करत होती आणि गुरुसिद्धप्पाची छाती फुगत होती. बायकोची कटकट त्याला आयुष्यात इतकी गोड कधी लागली नव्हती.

“तक्रार आली की काका गाड्यावर येऊन दुरुस्त करायचे?”

“व्हय. रोज सांजच्याला. अजून येत्यात.”

“म्हणजे चाचणी अजून चालूच आहे. तसं लिहिते. हे शपथेवर द्यायचंय, बरं का.”

शपथ म्हटल्यावर हेमावती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“थांबा, मॅडम. ते मागल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आदीच नीट झालंय.”

“आँ?” गुरुसिद्धप्पा उडालाच. “काल मुसळ अडकतंय म्हणालीस की! तासभर बसलो तुज्यापाशी.”

“न्हाय अडकत.” तिनं मान खाली घातली. “नीट हाय म्हणलं असतं, तर गॅरेज सोडून आला असता व्हय तुमी?”

अंकिताचे हात थांबले. जत्रेला वर्ष होत आलं होतं.

“मग अर्ज टिकायचा नाही, काका,” ती हळूच म्हणाली.

वाईट वाटलं त्याला, खोटं कशाला सांगा. तो बायकोकडे वळला. मग घसा खाकरून म्हणाला,

“बरं, उद्या सांजच्याला उखळाचं काय बिगडणार हाय?”